तुरुंगातून ताळेबंदाकडे

कंपनीचा ताळेबंद खरा की खोटा, हे सामान्य भागधारकाला स्वतः तपासता येत नाही. तो लेखापरीक्षकाच्या सहीवर विसंबतो. त्यामुळे ही सही करण्याचा अधिकार कोणाला द्यायचा, हा प्रश्न नुसत्या आकडेमोडीचा राहत नाही. पारतंत्र्याच्या काळात तर तो राज्यकर्त्यांच्या मर्जीचाही होता. भारतातील पहिल्या महिला लेखापरीक्षक आर. शिवभोगम यांना याचा अनुभव आला.

आधी या व्यवसायाविषयी थोडे सांगायला हवे. 1913 च्या कंपनी कायद्याने लेखापरीक्षकासाठी सरकारी प्रमाणपत्र आवश्यक केले. पुढे 1918 साली मुंबई सरकारने ‘गव्हर्नमेंट डिप्लोमा इन अकाउंटन्सी’, म्हणजे जीडीए ही पदविका सुरू केली. परीक्षा द्यायची आणि मान्यताप्राप्त लेखापालाच्या हाताखाली तीन वर्षे उमेदवारी करायची, असा तो मार्ग होता. या मार्गाने एखादी स्त्री येईल, असे त्या वेळी फारसे कोणाच्या मनात आले नसावे. इंग्लंडमध्येही स्थिती निराळी नव्हती. मेरी हॅरिस स्मिथ या हिशेबनीस बाईंनी तिथल्या सनदी लेखापालांच्या संस्थेकडे 1891 साली अर्ज केला आणि केवळ स्त्री म्हणून तो नाकारला गेला. अखेर 1920 साली त्यांना सभासदत्व मिळाले, तेव्हा त्यांनी पंचाहत्तरी गाठली होती.

शिवभोगम यांचा जन्म 1907 सालचा, मद्रासचा. क्वीन मेरीज कॉलेजात त्या शिकल्या. बालविधवांच्या शिक्षणासाठी आयुष्य वेचणाऱ्या सिस्टर सुब्बलक्ष्मी यांचा त्यांच्यावर मोठा प्रभाव होता. चरखा, खादी, परदेशी मालावर बहिष्कार या वाटेने त्या स्वातंत्र्यलढ्यात उतरल्या आणि वर्षभराची शिक्षा होऊन वेल्लूरच्या तुरुंगात गेल्या. त्या काळी शिकलेल्या मुलीपुढे शिक्षिका होणे किंवा डॉक्टर होणे, असे मोजकेच पर्याय असत. तुरुंगवासाचा डाग लागल्यावर तेही आक्रसत. शिवभोगम मात्र लेखापरीक्षणाकडे वळल्या. 1933 साली त्या जीडीए झाल्या.

खरी अडचण इथून पुढे होती. तुरुंगवास भोगलेल्या व्यक्तीला लेखापाल म्हणून नोंदणी करता येणार नाही, असा नियम इंग्रज सरकारने केला होता. परीक्षा उत्तीर्ण, उमेदवारी पूर्ण, तरी सहीचा अधिकार नाही! जमाखर्चाच्या भाषेत बोलायचे, तर एकच रक्कम दोनदा नावे टाकण्याचा हा प्रकार होता. शिक्षा भोगून झाली होती. आता तिच्याच नावावर दुसरी वसुली चालली होती. शिवभोगम यांनी न्यायालयात दाद मागितली आणि त्या जिंकल्या. 1937 साली त्यांनी स्वतंत्र व्यवसाय सुरू केला.

स्वातंत्र्यानंतर चित्र पालटले. 1949 च्या कायद्याने भारतीय सनदी लेखापाल संस्था स्थापन झाली. 1950 साली शिवभोगम तिच्या फेलो झाल्या आणि 1955 ते 1958 या काळात त्यांनी संस्थेच्या दक्षिण विभागीय मंडळाचे अध्यक्षपद सांभाळले. सीएच्या अंतिम परीक्षेत पहिल्याच प्रयत्नात उत्तीर्ण होणाऱ्या मुलींमध्ये जी अव्वल ठरेल, तिच्यासाठी 1956 साली त्यांनी पारितोषिकही ठेवले. 1966 मध्ये त्यांचे निधन झाले.

आज सीएचा निकाल लागला की वर्तमानपत्रांत मुलींचे फोटो झळकतात, आणि त्यात कोणाला नवल वाटत नाही. परीक्षेतले अपयश पुढच्या खेपेला पुसून टाकता येते. शिवभोगम यांच्यापुढे मात्र उत्तीर्ण झाल्यावरही दार बंद होते. ते उघडण्यासाठी त्यांनी आपला तुरुंगवास लपवला नाही की त्याबद्दल माफी मागितली नाही. तो उघडपणे मांडूनच त्यांनी सहीचा हक्क मिळवला.