७४६ या आकड्याची कुळकथा

दोह्यात वेस्ट बेमधल्या आमच्या कार्यालयात एका जुन्या संगणकाला ३ टेराबाइटची हार्ड डिस्क जोडली आणि पडद्यावर आकडा उमटला ७४६ जीबी. निम्मी नाही, दोन तृतीयांश नाही, नेमके ७४६. डिस्क बिघडली असती तर आकडा असा ठाशीव आला नसता. म्हणून हिशेब मांडला.

अशा डिस्कवर ५,८६,०५,३३,१६८ सेक्टर असतात आणि एका सेक्टरात ५१२ बाइट. सेक्टरांचे क्रमांक ३२ बिटांत लिहिणाऱ्या जुन्या ड्रायव्हरला ४,२९,४९,६७,२९६ च्या पुढे मोजता येत नाही. गाडीतला किलोमीटरचा आकडा सगळे नऊ झाले की शून्यावर येतो, तशी त्याची मोजणी पुन्हा पहिल्यापासून सुरू होते. पहिल्या संख्येतून दुसरी वजा करा, उरले त्याला ५१२ ने गुणा आणि संगणकाच्या द्विमान हिशेबाने जीबीत आणा. उत्तर ७४६ येते.

३२ बिट कुठून आले, हे सरळ आहे. मार्च १९८३ मध्ये आयबीएमने पीसी एक्सटी बाजारात आणला, सोबत डॉस २.०. डिस्कच्या पहिल्याच सेक्टरात विभागांची नोंदवही ठेवायची, ही एमबीआरची पद्धत तेव्हाची. ५१२ बाइटांपैकी ४४६ संगणक सुरू करणाऱ्या प्रोग्रॅमला, ६४ चार विभागांच्या नोंदींना आणि शेवटचे २ खुणेला. प्रत्येक नोंदीत सेक्टरांच्या संख्येसाठी ४ बाइट. एक्सटीच्या १० एमबी डिस्कवर सेक्टर होते २०,८०८. जागा ठेवली होती ४२९ कोटींची. वेस्ट बेच्या भराव घातलेल्या किनाऱ्यावर शेरेटनचा पिरॅमिड १९८२ मध्ये उघडला, त्याच सुमाराची ही गोष्ट. तेव्हा ही जागा कुणाला अपुरी वाटली असती?

मधल्या अडचणी सर्वज्ञात आहेत: आधी ५२८ एमबी, मग ८.४ जीबी, मग १३७ जीबी. प्रत्येक वेळी पत्त्याचे बिट कमी पडले आणि वाढवले गेले.

पण मर्यादा ठरते ती सेक्टरांची संख्या गुणिले सेक्टराचे माप अशी, म्हणून खरा प्रश्न त्या ५१२ चा आहे. माझे मत ठाम आहे: हा आकडा पंच कार्डाच्या वंशातला आहे.

हॉलरिथने काढलेली पंच कार्डे १८९० च्या अमेरिकी जनगणनेत वापरली गेली. आयबीएमने १९२८ मध्ये ८० रकान्यांचे कार्ड आणले आणि पुढची कित्येक दशके संगणकाला माहिती पुरवायची ती याच कार्डांवरून. मुंबईत टाटा मूलभूत संशोधन संस्थेत १९६४ साली सीडीसी ३६०० आला, तोही कार्डांच्याच काळातला. मग १९७३ मध्ये आयबीएमने ३७४० ही यंत्रणा आणली, ती कार्डांऐवजी आठ इंची फ्लॉपीवर माहिती भरण्यासाठी. तिच्या सेक्टरात १२८ बाइट. का? एका कार्डाची ८० अक्षरे मावतील अशी दोनाच्या घातांतली सर्वांत लहान संख्या १२८ आहे. ६४ मध्ये ती मावत नाहीत. पुढच्या फ्लॉपीत २५६ झाले, १९८१ च्या आयबीएम पीसीच्या फ्लॉपीत ५१२.

याविरुद्ध दोन मते मांडता येतात. पहिले, ५१२ डेक या संगणक कंपनीकडून आले. तिच्या पीडीपी-११ च्या आरके०५ डिस्कवर १६ बिटांचे २५६ शब्द एका सेक्टरात बसत, म्हणजे ५१२ बाइटच, आणि सुरुवातीच्या युनिक्सचा ब्लॉकही तेवढाच होता. मुद्दा वजनदार आहे. पण पीसीच्या अंगावरच्या खुणा वेगळे सांगतात. किल्डॉलच्या सीपी/एम या कार्यप्रणालीची नोंद १२८ बाइटांची होती, कारण तो आठ इंची फ्लॉपीवर वाढला. डॉसने ती सवय उचलली: फाइल नोंदीची ठरलेली लांबी १२८, वाचलेला मजकूर ठेवायची जागा १२८, आणि आज्ञेपुढचा मजकूर १२७ अक्षरांच्या आत, कारण तो त्याच जागेत मावला पाहिजे. खुद्द डेकची आरएक्स०१ फ्लॉपीही आयबीएमच्याच १२८ च्या मापाची होती. तेव्हा पीसीकडे वारसा कोणत्या घराण्यातून आला, याबद्दल मला शंका नाही.

दुसरे मत अभियंत्यांचे. प्रत्येक सेक्टरामागे मोकळी जागा, पत्ता आणि चूक तपासणीचे बाइट लागतात. सेक्टर लहान ठेवले तर डिस्क वाया जाते, मोठे केले तर त्या काळची तुटपुंजी मेमरी भरते. ५१२ हा मधला मार्ग. हे खरे आहे, पण त्यातून १२८ का वाढले एवढेच कळते. १२८ मुळात का, याचे उत्तर कार्डाशिवाय मिळत नाही.

आता पुन्हा मर्यादेकडे. सेक्टर ५१२ ऐवजी ४,०९६ बाइटांचा असता तर त्याच ३२ बिटांत मर्यादा २.२ ऐवजी १७.६ टेराबाइट झाली असती. काही बाहेरून जोडायच्या डिस्कांच्या पेट्यांनी पुढे हीच युक्ती वापरली: संगणकाला ४,०९६ चे सेक्टर दाखवायचे आणि एमबीआर तसाच ठेवायचा. कायमचा उपाय मात्र जीपीटी. संगणक सुरू करणाऱ्या इंटेलच्या ईएफआय या व्यवस्थेसोबत आलेल्या या पद्धतीत सेक्टरांचे क्रमांक ६४ बिटांचे असतात.

तुमच्या ३ टीबी डिस्कचा आकडा नीट वाचा. २,०४८ जीबी वापरता येतात आणि ७४६ मोकळे पडून दिसतात, तर दोष एमबीआरचा. डिस्क रिकामी करून जीपीटी करा. त्याच डिस्कवरून विंडोज सुरू करायचे असेल तर ईएफआयची पुढची आवृत्ती, यूईएफआय, हीही लागेल. एकूणच ७४६ दिसत असतील, तर दोष ड्रायव्हरचा किंवा जोडणीच्या चिपचा. तो आधी बदला. तोवर त्या डिस्कवर काहीही लिहू नका. मोजणी शून्यावर आल्याने नवा मजकूर डिस्कच्या सुरुवातीच्या सेक्टरांवर जाऊन जुना पुसला जाऊ शकतो.