अंथरूण आणि संथारा: चटईच्या निगेची जुनी गोष्ट



पाऊस सरत आला की दशलक्षण पर्वाच्या आधी आपल्या घरांत सतरंज्या, चटया, जाजमे सगळे बाहेर निघते. अशाच एका भाद्रपदात माझ्या हातून एक चूक झाली. सुनेने बैठकीच्या खोलीत हौसेने तागाचा गालिचा आणला होता. मी तो सतरंजी धुवावी तसा अंगणात पसरला, साबणाच्या पाण्याने खसाखसा घासला आणि दोन दिवस वाळवून परत अंथरला. आठवड्याभरात खोलीत कुबट वास सुटला. गालिचा उलटून पाहते, तर खालच्या बाजूला काळी-हिरवी बुरशी पसरलेली. सून एवढेच म्हणाली, "आई, याला पाणी चालत नाही, असं चिठ्ठीवर लिहिलं होतं."

गालिचा गेला याचे वाईट वाटलेच. पण बुरशी म्हणजे अनंतकाय. एका शरीरात अनंत जीव, असे आपण लहानपणापासून ऐकत आलो. खरडून काढावी तर हिंसा, ठेवावी तर ती वाढतच जाणार. स्वच्छतेच्या नावाखाली, तेही पर्वाच्या तोंडावर, मीच हे सगळे उभे केले होते. शेवटी तो गालिचा गुंडाळून मागच्या पडवीत कोरड्या जागी ठेवला आणि पुन्हा हात लावला नाही. त्यानंतर मनात आले, आपल्या आधीच्या लोकांनी हे कसे सांभाळले असेल? त्या शोधातून जे हाती लागले ते आज लिहिते.

पहिली गोष्ट शब्दाची. 2015 साली राजस्थान उच्च न्यायालयाच्या निकालानंतर 'संथारा' हा शब्द सगळ्या वर्तमानपत्रांत आला. त्याच महिन्यात सर्वोच्च न्यायालयाने त्या निकालाला स्थगिती दिली. आपण दिगंबर लोक त्या व्रताला सल्लेखना म्हणतो. संथारा म्हणजे संस्कृतातला 'संस्तर', आणि संस्तर म्हणजे पसरलेले अंथरूण. आपला मराठी 'अंथरूण' शब्दही 'आस्तरण'वरून आला. दोन्हींत धातू एकच, पसरण्याचा. जीवनातले सर्वांत मोठे व्रत ज्या नावाने ओळखले जाते, ते नाव एका साध्या बिछान्याचे आहे.

तो बिछाना कसा असावा हे शिवार्यांच्या 'भगवती आराधना' या प्राचीन ग्रंथात सांगितले आहे. संस्तर चार प्रकारचा: जमिनीचा, शिळेचा, फळीचा आणि गवताचा. गवताचा असेल तर त्यात गाठी नसाव्यात, गवत पोकळ किंवा मोडके नसावे, ते मऊ असावे, त्यात जंतू नसावेत आणि ते सहज तपासून पाहता यावे. यातली शेवटची अट मला फार महत्त्वाची वाटली. जे तपासता येत नाही ते अंथरायचे नाही. 1955 साली आचार्य शांतिसागर महाराजांनी कुंथलगिरीवर सल्लेखना घेतली, त्याबद्दल आपण सगळ्यांनी घरातल्या मोठ्यांकडून ऐकले आहे. त्या परंपरेत अंथरुणाकडे किती बारकाईने पाहिले जाते, हे मात्र मला ग्रंथ उघडल्यावरच कळले.

हे फक्त मुनींसाठी आहे असेही नाही. तत्त्वार्थसूत्राच्या सातव्या अध्यायात श्रावकांच्या व्रतांचे अतिचार दिले आहेत. अष्टमी-चतुर्दशीच्या प्रोषधोपवासाचे पाच अतिचार आहेत. न पाहता, न झाडता मलमूत्र टाकणे हा पहिला. न पाहता, न झाडता वस्तू उचलणे हा दुसरा. आणि न पाहता, न झाडता अंथरूण पसरणे हा तिसरा. उरलेले दोन म्हणजे अनादर आणि विसर. म्हणजे पाचांतला एक अतिचार सरळ आपल्या चटईचा आहे. दोन कृती आणि त्यांचा क्रमही ठरलेला: आधी डोळ्यांनी पाहणे, मग मऊ साधनाने झाडणे. पाण्याचे आणि घासण्याचे तिथे नावही नाही.

झाडायचे साधन कसे असावे हे मूलाचारात पिच्छीच्या निमित्ताने आले आहे. तिचे पाच गुण सांगितले आहेत: ती धूळ धरत नाही, घाम धरत नाही, मऊ असते, सुकुमार असते आणि हलकी असते. घरात आपण पिच्छी वापरत नाही, पण केरसुणी किंवा ब्रश निवडताना हे गुण आठवावेत. चटईवर खराट्याने खरखर झाडण्यात जीवही जातो आणि धागाही तुटतो.

आता धाग्यांकडे वळू. आपल्या व्यापारी घरांना ताग नवा नाही. हळद, गूळ, धान्य सगळे पोत्यांतूनच यायचे. एकूण वजनातून बारदानाचे वजन वजा केल्याशिवाय हिशेब लागत नसे. त्या पोत्यांमागचा इतिहास मात्र मला माहीत नव्हता. बंगालचा ताग एकोणिसाव्या शतकात स्कॉटलंडमधल्या डंडी शहरात जाऊ लागला. त्याचा धागा कडक, यंत्रावर तुटायचा. डंडी हे देवमाशाच्या शिकारीचे बंदर होते. तिथे देवमाशाचे तेल आणि पाणी लावून ताग मऊ करण्याची युक्ती निघाली आणि कारखाने जोरात चालू लागले. 1853 ते 1856 च्या क्रिमियन युद्धात रशियातून येणारे जवसासारखे इतर धागे अडले, तेव्हा तागाची मागणी आणखी वाढली. 1855 मध्ये जॉर्ज ॲकलंड याने कलकत्त्याजवळ रिश्रा येथे भारतातली पहिली ताग गिरणी काढली. पुढे देवमाशाच्या तेलाची जागा खनिज तेलाने घेतली. नव्या गोणपाटाला जो विशिष्ट वास येतो, त्यात या तेलाचा वाटा असतो. आता धान्याच्या पोत्यांसाठी तांदळाच्या कोंड्याचे तेलही वापरतात. ज्याला आपण डोळे मिटून 'नैसर्गिक' म्हणतो त्यामागेही केवढी हिंसा होऊन गेली असेल, हे वाचून मी बराच वेळ गप्प बसले.

काथ्याची गोष्ट वेगळी. नारळाचा सोडणा कित्येक महिने खाडीच्या पाण्यात भिजत ठेवून, कुटून त्यातून काथ्या काढतात. केरळात हे काम फार जुने आहे, पण चटयांचा पहिला कारखाना 1859 मध्ये जेम्स डाराघ याने अलेप्पीला, म्हणजे आजच्या अलप्पुळाला, काढला. तिसरा धागा घायपाताचा. हे झाड मूळचे मेक्सिकोकडचे, आपल्याकडे शेताच्या बांधावर लावतात. दुकानात त्याला सिसल म्हणतात. ते नाव युकातान प्रांतातल्या ज्या बंदरातून हा माल जायचा त्याचे आहे.

या धाग्यांचे पाण्याशी नाते सारखे नाही, आणि माझी चूक तिथेच झाली. कापसाचा धागा ओला झाला की अधिक बळकट होतो. म्हणून सतरंजी धोपटून धुतली तरी टिकते. ताग ओला झाला की अशक्त होतो, पिवळट-तपकिरी डाग धरतो आणि आतून लवकर वाळत नाही. घायपातही पाण्याने आखडतो आणि डागाळतो. काथ्यात लाकडासारखा कठीणपणा देणारे लिग्निन भरपूर असते, म्हणून तो खाऱ्या पाण्यातही टिकतो. जहाजांचे दोर त्याचेच करत. दारातले काथ्याचे पायपुसणे कधी धुतले तरी चालते, मात्र ते पूर्ण वाळले पाहिजे. तागाला आणि घायपाताला जुनीच रीत बरी: पाहणे आणि झाडणे.

बाहेरच्या जगात गालिचे साफ करायचे म्हणजे दोरीवर टाकून वेताने बडवायचे. 1901 मध्ये लंडनच्या ह्यूबर्ट सेसिल बूथ याने धूळ ओढून घेणारे यंत्र काढले. ते एवढे मोठे होते की घोडागाडीवर बसवून रस्त्यात उभे करत आणि खिडकीतून नळी आत सोडत. 1902 मध्ये सातव्या एडवर्डच्या राज्याभिषेकासाठी वेस्टमिन्स्टर ॲबेतले गालिचे त्यानेच साफ केले. आज तेच यंत्र आपल्या कपाटात बसते. ते वापरायला माझी हरकत नाही. धुळीचे बारीक कण पायाखाली धागे कापत राहतात. वाणिज्य शाखेत आम्ही 'घसारा' शिकलो, तो इथे अगदी शब्दशः होतो. पण यंत्राला डोळे नसतात. मुंगी असो वा कोळी, ते सगळेच ओढते. म्हणून आधी आपण पाहायचे, मऊ ब्रशने झाडायचे आणि मगच यंत्र फिरवायचे.

विसाव्या शतकात घरोघरी विषे आली. नॅप्थलीनच्या गोळ्या आपल्या पेट्यांत सर्रास असायच्या. त्यांच्या वाफेने किडे मरतात, हे माहीत असूनही आपण त्यांना 'वासाच्या गोळ्या' म्हणून वापरत आलो. गंमत अशी की गालिचा खाणारे किडे लोकर आणि केस खातात. ताग, काथ्या, घायपात हे त्यांचे खाणे नव्हे. या चटयांत गोळ्या ठेवणे म्हणजे विनाकारण हिंसा. वाळवी मात्र यांना लागू शकते, आणि ती ओल शोधत येते. ओल ठेवली नाही की तिला बोलावणे जात नाही.

तेव्हापासून माझ्या घरी हे नियम आहेत. रोज बसण्याआधी चटईची कड उचलून पाहायची. आठवड्यातून एकदा सावलीत उलटी टाकून थोडा वेळ तशीच ठेवायची, म्हणजे आत कुणी असेल तर त्याला निघून जायला वेळ मिळतो. एकदम भर उन्हात टाकायची नाही. मग मऊ ब्रशने विणीच्या दिशेने झाडायचे आणि नंतर सकाळचे कोवळे ऊन दाखवायचे. काही सांडले तर चोळायचे नाही, कोरड्या सुती फडक्याने टिपायचे आणि पंखा लावायचा. तेलाचा डाग पडला तर वर कोरडी मुलतानी माती पसरायची आणि दुसऱ्या दिवशी झाडायची. पीठ टाकू नये, त्याला मुंग्या येतात. तागाची चटई चातुर्मासात अंथरायचीच नाही. पावसाळ्याआधी पूर्ण वाळवून, गुंडाळून, जमिनीपासून उंच ठेवायची आणि मधूनमधून उलगडून पाहायची. नवी घेताना मागे रबराचा थर नाही ना, तेवढे पाहा. त्याखाली ओल कोंडते आणि तपासायला धागा दिसतच नाही.

बुरशी लागल्यावर काय करावे, याचे निर्दोष उत्तर मला मिळाले नाही. ती लागू न देणे एवढेच आपल्या हातात आहे, आणि ते रोजच्या दोन मिनिटांचे काम आहे. सुनेने नंतर दुसरा गालिचा आणला. आता त्याची कड रोज तीच उचलून पाहते. मी कधी विसरले तर आठवणही करून देते.

त्या भाद्रपदातल्या अजाणता झालेल्या हिंसेबद्दल मी दरवर्षी क्षमावाणीला मनोमन क्षमा मागते. या वर्षी तुमच्या घरची जाजमे बाहेर काढाल, तेव्हा बादली भरण्याआधी एकदा कड उचलून पाहा.

उत्तम क्षमा. जय जिनेंद्र.