योंग ताउ फू
सिंगापूर व मलेशियातील हॉकर केंद्रांवर (एकत्र मांडलेल्या खाद्यपदार्थांच्या स्टॉलांवर) मिळणारा, मूळचा चीनमधील हाक्का लोकांचा खाद्यपदार्थ. सोयाबीनच्या दुधापासून केलेल्या टोफूच्या तुकड्यांत माशाचा वाटलेला गर किंवा डुकराच्या मांसाचा खिमा भरतात. भेंडी, कारले, वांगी व मिरची यांतही हेच सारण घालतात. गिऱ्हाईक मांडून ठेवलेल्या जिनसांतून हवे ते तुकडे चिमट्याने वाडग्यात घेते आणि तांदळाच्या शेवया किंवा गव्हाचे पिवळे नूडल्स निवडते. विक्रेता ते उकळून रश्शासह किंवा कोरडे वाढतो. सोबत तिखट व गोडसर सॉस असतात. क्वालालंपूरलगतचे अंपांग या पदार्थासाठी प्रसिद्ध आहे. सिंगापूरच्या हॉकर संस्कृतीचा २०२० मध्ये युनेस्कोच्या अमूर्त सांस्कृतिक वारशाच्या यादीत समावेश झाला.