चेतकापासून विजेच्या स्कूटरपर्यंत

वाहनाचा जन्म कारखान्यांत होतो. त्याचा लौकिक मात्र गांवच्या रस्त्यावर ठरतो. महाराष्ट्रांतील स्कूटरचा इतिहास हेंच सांगतो. १९६० साली बजाज कंपनीनें परदेशी परवान्यावर व्हेस्पा बनविण्यास प्रारंभ केला. तो करार १९७१ साली संपला, आणि पुढच्याच वर्षीं राणा प्रतापाच्या घोड्याचें नांव घेऊन ‘चेतक’ अवतरली. पैसे भरून लोकांना वर्षानुवर्षें वाट पाहावी लागे. बाजारांत पर्याय थोडे होते, हें खरें. परंतु तिची दुरुस्ती जाणणारा मिस्त्री लहानशा गांवींहि भेटे, हेंहि तितकेंच खरें.

पुढें मोटरसायकलींचा काळ आला व २००९ साली कंपनीनें स्कूटर बंद करण्याचें ठरविलें. दहा वर्षांनीं तेंच नांव विजेच्या स्कूटरला मिळालें आणि जानेवारी २०२० मध्यें पुणें व बंगलोर येथें तिची नोंदणी सुरू झाली. इतर कंपन्याहि या क्षेत्रांत उतरल्या. मात्र २०२२ च्या उन्हाळ्यांत पुण्यासह अनेक ठिकाणीं निरनिराळ्या विजेच्या स्कूटरांनीं पेट घेतला. तेव्हां सरकारनें बॅटरीच्या चाचण्यांचे नियम कडक केले. ते डिसेंबर २०२२ व मार्च २०२३ अशा दोन टप्प्यांत अमलांत आले.

जालन्याच्या नागरिकास हा इतिहास उपयोगी आहे. कुंडलिकेच्या दोहों तीरांवर वसलेल्या या शहरांत रोजची फेरी लांबची नसते. पण उन्हाळा चाळिशीच्या वर जातो, आणि अति उष्णता बॅटरीचें आयुष्य घटविते. एका भारांत अमुक मैल चालेल, हा आंकडा सौम्य वेगाचा असतो. ओझें व वेग वाढतांच तो उतरतो. म्हणून रोजच्या अंतराच्या दुप्पट पल्ला हाताशीं असावा. गाडी नव्या चाचणीस उतरलेली आहे काय, बॅटरीची हमी लेखी किती वर्षांची, आणि दुरुस्तीचें केंद्र जालन्यांतच आहे कीं दूरच्या शहरीं, हें आधीं विचारावें. भार सांवलींत व गाडी थंड झाल्यावर घालावा.

पोलादाच्या कारखान्यांत वा बियाण्यांच्या पेढीवर वेळेवर पोंचणें, यावर ज्याची रोजी अवलंबून आहे, त्याला गाडीची झळाळी नको, भरंवसा हवा. जुन्या चेतकनें तो मिस्त्र्यांच्या हातांनीं मिळविला. नव्या गाडीलाहि तो तसाच मिळवावा लागेल.