घोड्याच्या खुरातील गळू

काल नीट चाललेला घोडा आज सकाळी तीन पायांवर उभा दिसला की मालकाला पहिली धास्ती पडते ती हाड मोडल्याची. पण अशा एकाएकी आलेल्या लंगडेपणामागे पुष्कळदा खुरात साठलेला पू असतो. खिळ्याची बोच, तळव्याला लागलेला खडा किंवा भिंत आणि तळवा यांच्या सांध्यावरची उकललेली पांढरी रेषा यांतून जंतू आत शिरतात. नाल ठोकताना खिळा जिव्हाळीला लागला असेल तरीही हेच होते. पावसाळ्यात खूर भिजून मऊ पडतात, तेव्हा ही वाट आणखी सोपी होते. कातडीवरचे गळू निदान फुगू तरी शकते. टणक खुरात तेवढीही जागा नसते आणि सगळा दाब आतल्या नाजूक, संवेदनशील पदरावर येतो. असह्य वेदनेचे मूळ हा दाब आहे. म्हणूनच या विकारात खरा उपचार निचऱ्याचा. औषधे त्याच्या मागून.

यावर पहिला आक्षेप असा, की जंतुसंसर्ग आहे तर प्रतिजैविक का नको? कारण पुवाच्या कोंडलेल्या पोकळीत ते पुरेसे पोचत नाही. संसर्ग सांध्यात, हाडात किंवा वर पायात पसरला असेल तर मात्र ते लागतेच. दुसरा आक्षेप पोटाचा आहे. मोटारींना बंदी असलेल्या माथेरानसारख्या ठिकाणी घोडा उभा राहिला की घरची कमाई थांबते, तेव्हा वेदनाशामक देऊन काम घेण्याचा मोह समजण्यासारखा आहे. पण दुखणे दबले तरी पू तिथेच राहतो आणि भिंतीच्या आतून वर सरकत खुराच्या केसाळ कडेशी फुटतो. याउलट, नेमकी जागा उघडली की करडा-काळा, दुर्गंधीयुक्त पू बाहेर येतो आणि बहुतेक घोडे एक-दोन दिवसांत पाय टेकू लागतात. तळवा कोरला तर खूर दुबळा होईल, ही भीती मात्र अर्धी खरी आहे. अंदाजाने मोठे भोक पाडणे घातकच. खुराच्या चिमट्याने दाबत दुखरी जागा शोधावी आणि पशुवैद्याने किंवा त्याच्या देखरेखीखाली जाणत्या नालबंदाने निचऱ्यापुरतेच छिद्र करावे. जागा सापडत नसेल तर पोटीस बांधून तळवा मऊ होण्याची वाट पाहणे बरे.

दोन प्रसंगी मात्र आधी सुरी नको. तळव्याच्या मधल्या त्रिकोणी मऊ भागात खिळा रुतला असेल, तर शक्यतो तो न उपटता क्ष-किरण तपासणी करावी; खिळा सांध्यापर्यंत गेला असल्यास जिवावर बेतते. घोडा दोन्ही पुढचे पाय पुढे टाकून मागे रेलून उभा असेल, तर गळूपेक्षा खुराच्या आतल्या पदरांचा दाह संभवतो आणि त्याचे उपचार वेगळे. धनुर्वाताला घोडा फार लवकर बळी पडतो, म्हणून लसीची खात्री प्रत्येक वेळी करावी. निचरा झालेली जागा पट्टी बांधून कोरडी, स्वच्छ ठेवावी. पू वरच्या कडेला फुटला असेल, तर तिथे आडवी चीर राहते. भिंत महिन्याला साधारण ६ ते १० मिमी वाढत असल्याने ती चीर जमिनीपर्यंत उतरायला कित्येक महिने जातात, आणि तोवर नालबंदाला खिळ्याची जागा तिच्यापासून राखूनच निवडावी लागते.