पित्ताशयाची शस्त्रक्रिया आणि रुग्णाला शिकवणारी चित्रफीत

बर्लिनच्या लाझारस रुग्णालयात १५ जुलै १८८२ रोजी कार्ल लांगेनबुख यांनी एका ४३ वर्षांच्या पुरुषाचे पित्ताशय काढून टाकले. त्याआधी शल्यविशारद पित्ताशयाला छेद देऊन फक्त खडे काढत, आणि खडे पुन्हा धरत. खडे तयार होण्याची जागाच काढली पाहिजे, हा लांगेनबुख यांचा तर्क पुढे खरा ठरला. पण शस्त्रक्रियेनंतर रुग्णाने काय करायचे, याचे त्या काळचे उत्तर एकच होते: पडून राहायचे. हालचालीने टाके उसवतील अशी सार्वत्रिक भीती होती. शिकागोच्या एमिल रीस यांनी १८९९ साली रुग्णांना लवकर उठवावे असे सुचवले, तरी फारसे कोणी मनावर घेतले नाही.

या पडून राहण्याची किंमत पित्ताशयाच्या रुग्णांना जास्तच मोजावी लागे. उजव्या बरगड्यांखाली दिलेला तिरका छेद श्वासागणिक दुखतो. रुग्ण उथळ श्वास घेतो, खोकला दाबतो. मग फुप्फुसांच्या तळाशी कफ साचून न्यूमोनियाची वाट मोकळी होते. १९४०च्या सुमारास डेट्रॉइटच्या डॅनिएल लाइटहाउझर यांनी रुग्णांना लवकर चालवायला सुरुवात केली. दुसऱ्या महायुद्धात खाटा आणि परिचारिका दोन्ही कमी पडू लागल्या, तेव्हा इतरांनाही ते पटले. रुग्णाला चालवायचे तर त्याला शिकवणे आलेच. पोटावर उशी दाबून खोकायचे कसे, कुशीवर वळून हाताच्या आधाराने उठायचे कसे, हे परिचारिका खाटेपाशी उभी राहून दाखवू लागली.

या शिकवण्याचा परिणाम मोजता येतो, हे १९६४ साली दिसले. बोस्टनच्या मॅसॅच्युसेट्स जनरल हॉस्पिटलमधील भूलतज्ज्ञ लॉरेन्स एग्बर्ट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पोटाच्या शस्त्रक्रियेचे ९७ रुग्ण निवडले. त्यांतल्या एका गटाला आदल्या रात्री सांगण्यात आले की दुखेल कुठे, किती आणि किती दिवस. स्नायू सैल कसे सोडायचे, कूस कशी बदलायची. शस्त्रक्रिया करणाऱ्यांना मात्र कोण कोणत्या गटात आहे याचा पत्ता नव्हता. समजावून सांगितलेल्या रुग्णांना अफूजन्य वेदनाशामके सुमारे निम्मीच लागली आणि ते सरासरी २.७ दिवस आधी घरी गेले. रुग्णशिक्षणाच्या इतिहासात हा प्रयोग मैलाचा दगड मानला जातो, आणि तो मान रास्त आहे. त्यात नवे औषध नव्हते, यंत्र नव्हते. होता तो रुग्णाला दिलेला वेळ.

तोच वेळ पुढे आटला. जर्मनीतील बोब्लिंगेन येथे एरिश म्यूए यांनी १२ सप्टेंबर १९८५ रोजी दुर्बिणीतून पित्ताशय काढले. १९८७ साली ल्योंच्या फिलिप मूरे यांनी आणि पाठोपाठ पॅरिस व बोर्दो येथील शल्यविशारदांनी तीच वाट धरली. दुर्बिणीला छोटा व्हिडिओ कॅमेरा जोडला गेल्यावर पोटातले दृश्य पडद्यावर सगळ्यांना दिसू लागले आणि तंत्राचा प्रसार झपाट्याने झाला. नवे तंत्र शिकण्यासाठी शल्यविशारद एकमेकांच्या शस्त्रक्रियांच्या चित्रफिती पाहत. रुग्णाचा मुक्काम आठवड्यावरून एक-दोन दिवसांवर, काही ठिकाणी तर त्याच संध्याकाळपर्यंत आला. पूर्वी खाटेवर शिकलेले आता घरी, जवळ कोणी जाणते नसताना, निभावायची पाळी आली. रुग्णासाठीच्या चित्रफितीची निकड खरी इथून वाढली.

भारतात मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात डॉ. तेहेमतन उदवाडिया यांनी १९९० साली दुर्बिणीतून पित्ताशयाची शस्त्रक्रिया केली. हे तंत्र रुळल्यावर कित्येक दवाखान्यांत घरी जाताना रुग्णाच्या हाती दोन वस्तू पडत: बाटलीत भरलेले खडे आणि शस्त्रक्रियेची सीडी. खडे पाहुण्यारावळ्यांना दाखवले जात. सीडीत यकृत, चिमटे आणि क्लिपा दिसत. घरी गेल्यावर काय खायचे, कधी काळजी करायची, यातले काही नसे. कॅमेरा हाताशी होता, पण त्याचे तोंड रुग्णाच्या प्रश्नांकडे वळायला उशीरच झाला.

रुग्णासाठी केलेल्या चांगल्या चित्रफितीत आधी येते ती खांद्याची गोष्ट. शस्त्रक्रियेसाठी पोटात कार्बन डायऑक्साइड भरतात. त्याने श्वासपटल चुरचुरते आणि मज्जातंतूंच्या जोडणीमुळे ती कळ खांद्यात जाणवते. हे ठाऊक नसलेला रुग्ण हृदयविकाराच्या धास्तीने गारठतो. ठाऊक असलेला उठून फेऱ्या मारतो. मग पहिल्याच दिवशी उठणे, दीर्घ श्वास, जखम कोरडी ठेवणे, सुरुवातीला थोडे थोडे आणि कमी तेलातुपाचे जेवण, काही आठवडे जड ओझे न उचलणे. ताप, डोळ्यांना पिवळेपणा, गडद लघवी, वाढत जाणारी पोटदुखी किंवा जखमेतून स्राव दिसला तर थेट रुग्णालय गाठायचे, हा भाग सगळ्यांत महत्त्वाचा. पुष्कळ चित्रफितींत तो शेवटी घाईघाईने उरकलेला असतो.

१९९०च्या दशकात डेन्मार्कच्या हेन्रिक केलेट यांनी लवकर बरे होण्याची जी पद्धत मांडली, तिच्यात शस्त्रक्रियेपूर्वी रुग्णाला माहिती देणे हे उपचाराचेच अंग झाले. मोबाइलवरची चित्रफीत त्यात सोयीची पडते. ती थांबवून पुन्हा पाहता येते, स्वयंपाक करणाऱ्या घरच्या माणसालाही दाखवता येते आणि वाचता न येणाऱ्यालाही कळते, अर्थात त्याच्या भाषेत असेल तर. मात्र मधुमेह असलेल्या, रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या घेणाऱ्या किंवा दुर्बिणीऐवजी ऐनवेळी मोठा छेद द्यावा लागलेल्या रुग्णाला तीच चित्रफीत पुरत नाही. त्याच्या सूचना डॉक्टर किंवा परिचारिकेने समोर बसून सांगाव्या लागतात आणि डिस्चार्ज कार्डावर लिहून द्याव्या लागतात.