दृष्टीची कसोटी

वाशीम म्हणजे प्राचीन वत्सगुल्म, वाकाटकांच्या एका शाखेची राजधानी. तेथें १९३९ सालीं द्वितीय विंध्यशक्तीचा ताम्रपट उजेडांत आला. वाकाटकांच्या ताम्रपटांच्या आरंभीं ‘दृष्टम्’ हा शब्द आढळतो. लेख पाहिला, तपासला, आतां तो ग्राह्य, असा त्याचा आशय. आज याच जिल्ह्यांतील तरुण-तरुणी खडकवासल्याच्या राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीची आकांक्षा धरतात, तेव्हां लेखी परीक्षा व मुलाखत यांतून पार पडल्यावर त्यांनाही असेंच एक ‘दृष्टम्’ मिळवावें लागतें. तें म्हणजे सैनिकी डॉक्टरांकडून होणारी नेत्रपरीक्षा. वर्षांची मेहनत तेथें भिंतीवरील चार अक्षरांपाशीं अडूं शकते.

योद्ध्याच्या डोळ्यांची परीक्षा म्हटली कीं द्रोणाचार्य आणि झाडावरील पक्षी आठवतो. परंतु ती परीक्षा चित्ताच्या एकाग्रतेची होती. इतर शिष्यांना झाड, फांद्या, पानें, सारें कांहीं दिसत होतें. दृष्टींत ते उणे नव्हते. खरी दृष्टिपरीक्षा होती ती आकाशांत. सप्तर्षींतील वसिष्ठाजवळची अंधुक अरुंधती विवाहांत वधूवरांना दाखवितात; अरब लोक त्याच जोडीवरून दृष्टि पारखीत. या दोन तारकांमधील अंतर सुमारें १२ कला. मात्र आकाश रोज सारखेंच निरभ्र नसतें. मग दोन परीक्षकांचे निर्णय जुळावे कसे?

हा प्रश्न हॉलंडमधील उत्रेख्त येथील नेत्रवैद्य हर्मान स्नेलेन यानें १८६२ सालीं सोडविला. त्याच्या तक्त्यावरील अक्षर ठराविक अंतरावरून डोळ्याशीं ५ कलांचा कोन करतें, आणि अक्षराची रेषा १ कलेचा. निरोगी डोळा जें ६० मीटरांवरून ओळखतो, तें ओळखण्यास ज्याला ६ मीटरांवर यावें लागतें, त्याची दृष्टि ६/६०. निरोगी डोळ्याची ६/६. पुढें १९१७ सालीं जपानी लष्करांतील डॉक्टर शिनोबू इशिहारा यानें रंगीत ठिपक्यांचे तक्ते प्रसिद्ध केले व रंगांधता ओळखणें सोपें झालें.

या मापानें मोठमोठ्यांना अडविलें आहे. पहिल्या महायुद्धाच्या काळांत सुभाषचंद्र बोस ४९ व्या बंगाली पलटणींत भरती होण्यास गेले, ते दृष्टिदोषामुळें नाकारले गेले. तेच १९४३ सालीं चष्म्यासह आझाद हिंद फौजेचे नेते झाले. दुसरें उदाहरण याच्या उलट आहे. मुंबईंत जन्मलेले लेखक रुडयार्ड किप्लिंग यांचा मुलगा जॉन अधू दृष्टीमुळें नाकारला गेला होता. पित्यानें लॉर्ड रॉबर्ट्स यांची ओळख लावून त्याला पलटणींत जागा मिळवून दिली. १९१५ च्या सप्टेंबरांत लूसच्या लढाईंत तो पडला. वय अवघें १८. नियम कोणाची योग्यता डावलतो, तर कोणाचा जीवही राखतो.

परंतु डोळे निर्दोष असूनही शिक्षणाची वाट बंद असेल, तर उपयोग काय? नागपूरचे डॉ. बाळकृष्ण शिवराम मुंजे हे व्यवसायानें नेत्रवैद्य. ते १९३१ च्या चेटवूड समितीचे सभासद होते. १९३२ सालीं डेहराडून येथें भावी लष्करी अधिकाऱ्यांचें शिक्षण सुरू झालें. १९३७ सालीं मुंज्यांनीं नाशिकला भोसला सैनिकी विद्यालय काढलें.

आतां वाट खुली आहे. पण तिच्या तोंडाशीं तक्ता टांगलेला आहे. भूसेना, नौसेना व वायुसेना यांच्या दृष्टिमर्यादा निराळ्या असून वैमानिकाची सर्वांत कडक असते. जवळच्या दृष्टीला चष्मा आहे, रंगांधतेला नाहीं. आणि जन्मजात रंगांधाला आपल्या उणिवेची स्वतःहून जाणीवही होत नाहीं, कारण त्यानें दुसरें जग पाहिलेलेंच नसतें. म्हणून मुलानें त्या एकाच ध्येयावर सारें मन ठेवण्यापूर्वीं, शाळेच्या वयांतच, त्याचे डोळे तपासून घ्यावेत. तक्ता डोळा मोजतो, धैर्य मोजीत नाहीं. हें त्याला आधीं समजलें, तर एक दार मिटल्यावर दुसऱ्या दाराकडे तो ताठ मानेनें जाईल.